काटा

गुरनुले मास्तरांचे कान
लाउडस्पीकरनं खाल्ले.
चाळीस वर्षं मंडईच्या नाटकांत
पायपेटी डावीकडे, भोंगा उजवीकडे,
म्हणून उजवा आधी गेला.
डावा, मी शिकायला जायला लागले त्या वर्षी.

"गा वो पोरी," म्हणायचे
आणि माझ्या तोंडाकडे बघत बसायचे,
बोडीत गळ टाकून कुणी
पाण्याकडे बघतो तसे.
हललं ते दिसायचं.
खाली काय आहे, ते नाही.

भावानं हैदराबादहून जुना फोन पाठवला,
कोपऱ्यात तडा गेलेला.
त्यात सूर मोजायचं ॲप होतं.
मधे हिरवी रेघ, एक काटा,
सूर उतरला की डावीकडे,
चढला की उजवीकडे.

मास्तर म्हणाले, "काटा?
खरेदी केंद्रावर असते तसा?"
त्या काट्यानं दरसाल त्यांचं
पोत्यामागं दोन किलो धान गिळलेलं.
मी गप्प.
मग तेच म्हणाले,
"त्याले धान पाह्यजे.
याले काय भेटते?
ठेव."

ठेवला, पेटीच्या झाकणावर,
चुन्याच्या डबीला टेकवून.
मी सा लावला.
काटा थरथरला, मधे आला, थांबला,
आणि ज्यांना दारावरची हाक जात नव्हती
ते मास्तर म्हणाले, "हं. लागला."
दोन वर्षांत पहिल्यांदा.

मग आम्ही दोघं काट्याकडे बघत शिकलो.
निषाद चढायचा. "उतर."
मध्यम लोंबायचा. "धर, धर, धर."
लाइट गेली तरी शिकवणी चालायची,
पण बॅटरी सतरावर आली
की मास्तर ताना आखूड करायचे.

गंधारावर अडलो.
रोज तेच. काटा डावीकडे,
चौदा घरं, लाल.
वर ढकलला तर हिरवा व्हायचा,
पण घशात काहीतरी लागायचं,
भातातल्या खड्यासारखं.
सांगणार कुणाला?
फोनला घसा नाही,
मास्तरांना कान नाही.

चौथ्या दिवशी त्यांनी फोन पालथा घातला.
साची पट्टी दाबून धरली,
पाय चालू ठेवले,
पेटीच्या सागवानावर तळवा पसरला.
"तुहा गंधार गा. काट्याचा नोको."
गायले.
"आता काट्याचा."
गायले.
त्यांनी आपला हात उचलला,
माझा तिथं ठेवला.
"पुन्हा. दोन्ही."

काट्याच्या गंधाराला लाकूड
बारीक थरथरत राहिलं,
लांबून ट्रॅक्टर यावा तसं.
माझ्या गंधाराला
निवांत झालं.

"काटा खोटा नाही," मास्तर म्हणाले,
"त्याले पेटीवाल्यायनं शिकवलं.
तुले कोनं शिकवलं?"
मला माहीत नव्हतं.
अजून नाही.

आता मी देसाईगंजला शाळेवर आहे.
मुलांचे फोन नवे, बिनतड्याचे.
ॲपमध्ये सेटिंगही आलंय,
गंधार खाली घेता येतो.
मी सांगते, ते नंतर,
आधी बाकावर हात ठेवा.
हसतात.
ठेवतात.

पहाटे चारला मास्तरांचा व्हॉइस मेसेज येतो.
भात्यातून गळणारी हवा, एक खोकला,
मग पायपेटी, तिच्यावर त्यांचा गळा,
जो त्यांना स्वतःला ऐकू येत नाही.
सातला, नात उठली की,
खाली तिनं टाइप केलेलं असतं:
आबा विचारतात, लागला का?

मी काट्याचा फोटो काढून पाठवते.
हिरवा असला की लगेच.

कधी काटा डावीकडे असतो.
तेव्हा फोटो काढत नाही.
फोन स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवते,
मेसेज पहिल्यापासून लावते,
कणकेचा हात पुसून
तळवा पसरते फळीवर.